एप्सन व्ही६००: घराण्याचे जुने फोटो, त्यांची सालं आणि डागडुजी (काही महिन्यांच्या वापरानंतर)

कुलवृत्तांतासाठी जुने फोटो गोळा झाले की पहिले प्रश्न दोनच असतात: फोटोत कोण आहे आणि तो कधीचा आहे. डागडुजीचा नंबर नंतरचा, पण सगळे तिथूनच सुरुवात करतात. एप्सनचा परफेक्शन व्ही६०० हा स्कॅनर पावसाळ्याआधीपासून थंडीपर्यंत याच कामाला जुंपला होता. कागदावरच्या फोटोंसाठी तो उत्तम, १२० (जुन्या कॅमेऱ्यांच्या रुंद) फिल्मच्या निगेटिव्हसाठी चांगला आणि ३५ मिमीसाठी जेमतेम, असं माझं मत आहे.

मॉडेल २००९ चं आहे, म्हणजे जुनंच. तरी घ्यावंसं वाटतं ते त्यातल्या सीसीडी सेन्सरमुळे. यूएसबीच्याच विजेवर चालणारे पातळ, स्वस्त स्कॅनर बहुतेक सीआयएस जातीचे असतात. काचेपासून एखादा मिलिमीटर वर उचललेला भागही त्यांत धूसर येतो. पुठ्ठ्यावर डकवलेले जुने फोटो आपल्याकडच्या दमट हवेत हमखास कमानदार होतात आणि ते दाबून सपाट करायला गेलं तर पुठ्ठा मोडतो. सीसीडीला एवढा उंचवटा चालतो. फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोचंही तेच. पावसाळ्यात जिलेटिनचा थर फुगून काचेला धरतो. ओढला तर चेहरा काचेवर आणि कोरा कागद हातात. तो काचेसकटच स्कॅन करावा. काच बाहेरून पुसून घ्यायची, फवारा मात्र फडक्यावर मारायचा, काचेवर नाही, नाहीतर पाणी कडेने आत झिरपतं.

खोक्यावरच्या ६४०० डीपीआयला (इंचाला ६४०० ठिपके) भुलू नये. स्वतंत्र चाचण्यांत खरा तपशील १६००च्या आसपास थांबतो आणि कागदावरच्या फोटोत मुळात तेवढाही नसतो. कॅबिनेट कार्डाला (पुठ्ठ्यावर डकवलेला जुना फोटो, पुठ्ठा १०.८×१६.५ सेंमी) ६०० पुरे. त्याचाच लहान प्रकार असलेलं ६.४×१० सेंमीचं कार्त द व्हिझिट, कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्हच्याच आकाराचा) आणि वाटाण्याएवढ्या चेहऱ्यांचे समूहफोटो यांना १२००. ६×९ सेंमीचा प्रिंट १२०० ला, २४-बिट रंगात, सुमारे ३६ एमबीची टिफ फाइल देतो, ४८-बिटमध्ये दुप्पट. फोटो फार उडालेला असेल तरच ४८-बिट घ्यावं.

एप्सनच्या स्कॅनिंग सॉफ्टवेअरच्या प्रोफेशनल मोडमध्ये अनशार्प मास्क, डिस्क्रीनिंग, कलर रिस्टोरेशन, बॅकलाइट करेक्शन, डस्ट रिमूव्हल या सगळ्या खुणा काढून टाकाव्यात. डिजिटल आइस (धूळ-ओरखडे आपोआप बुजवणारी सोय) हीसुद्धा बंद, कारण ती घडी पडलेली जागा शेजारच्या पिक्सेलवरून भरते आणि मूळ प्रतीत भरलेलं काहीही नको. हिस्टोग्रामची (उजेड-अंधाराच्या वाटपाचा आलेख) दोन्ही टोकं आलेखाच्या थोडी बाहेर ठेवायची. ऑटो एक्स्पोजर ती आत ओढतो आणि फिकट फोटोतल्या पांढऱ्या पागोट्याच्या चुण्या कायमच्या जातात. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करायचा, त्याचं कारण पुढे येईल.

आणि मागची बाजू. तीही त्याच रिझोल्यूशनने, पुठ्ठ्याच्या चारही कडा दिसतील अशी. साल बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

शिक्का वाचताना दोन प्रकारचे पुरावे वेगळे ठेवावेत. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, म्हणजे ‘मुंबई ४०० ००४’ असा शिक्का त्यानंतरचाच. पण नुसतं ‘मुंबई ४’ (जुना टपाल विभागाचा आकडा) असेल तर फोटो त्याआधीचा असं छातीठोक म्हणता येत नाही, कारण स्टुडिओवाले जुना रबरी शिक्का झिजेपर्यंत वापरतात. तसंच कागदाचं. मागे ‘आग्फा-गेव्हर्ट’ असेल तर १९६४ च्या विलीनीकरणानंतरचा. ‘इंदू’ म्हणजे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कागद, १९६७ नंतरचा. प्लॅस्टिकचा थर असलेला कृष्णधवल कागद १९७२ च्या आधी नाही. पुठ्ठ्यावर राजा दीनदयाळ यांच्या मुंबईच्या स्टुडिओचं नाव असेल तर खालची मर्यादा १८९६. ही सगळी सालं प्रिंटची आहेत हे मात्र विसरू नये. निगेटिव्ह त्याच्या तीस वर्षं आधीची असू शकते. भिंतीवरच्या ‘पणजोबांच्या’ मोठ्या फोटोंत तर अर्धेअधिक समूहफोटोतून डोकं उचलून खाली कोट रंगवलेले असतात. १२०० वर कॉलरजवळ पाहिलं की कुंचल्याचे फटकारे उघड दिसतात. अशा प्रिंटच्या कोटावरून साल काढण्यात अर्थ नाही.

प्रिंट अल्ब्युमेन (अंड्याच्या पांढऱ्याचा थर) की जिलेटिन हे मोठं करून बघितल्यावर कळतं. अल्ब्युमेनमध्ये कागदाचे तंतू दिसतात, उजळ भाग पिवळट असतो, बारीक भेगांचं जाळं असतं. साधारण १८९५ नंतर तो मागे पडतो. जिलेटिनच्या प्रिंटमध्ये काळ्या भागांच्या कडेला निळसर चांदीची झाक येते. ही झाक स्कॅनरच्या उजेडात चमकते. प्रिंट ९० अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन केला तर कधी कमी होते. नाहीच झाली तर कॅमेरा आणि दिवे दोन्हींवर पोलरायझर (चमक अडवणारं फिल्टर) लावून फोटो काढणं बरं. दाणेदार ‘सिल्क’ कागदाला १८० अंशांत फिरवून दोन स्कॅन घ्यायचे, जिंपमध्ये (फोटो सुधारण्याचं मोफत सॉफ्टवेअर) दोन लेयर म्हणून जुळवायचे आणि वरच्याची अपारदर्शकता ५० टक्के ठेवायची. दाण्यांच्या सावल्या एकमेकींना मारतात.

मागे हाताने लिहिलेली मिती मिळाली तर सोनंच. शक ते इसवी सन करताना सरसकट ७८ मिळवले जातात आणि चैत्र ते कार्तिक हे चालतंही. माघ-फाल्गुनाला ७९ लागतात. ‘माघ शु. ५ शके १८५२’ म्हणजे १९३० नव्हे, १९३१. मार्गशीर्षाचा शेवट आणि पौष दोन्हीकडे पडू शकतात, तिथे त्या वर्षाचं पंचांगच पाहावं. शेजारी संवत्सराचं नाव असेल तर ताळा करता येतो: शकात १२ मिळवून ६० ने भागायचं, बाकी उरेल तो क्रमांक. १८५२ ला बाकी ४, म्हणजे प्रमोद. जुळलं नाही तर बहुधा आकडा चुकीचा वाचलाय. फिकट शाईत ३ आणि ६ हमखास फसवतात. तपकिरी पडलेली शाई स्कॅनच्या निळ्या चॅनलमध्ये (रंगीत स्कॅनच्या लाल, हिरवा, निळा या तीन थरांपैकी एक) ठळक होते. पेन्सिलीची नुसती खूण उरली असेल तर मोबाइलचा टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवा धरावा.

कपड्यांवरून साल काढताना म्हाताऱ्यांकडे बघू नये. आजोबा १९४० सालीही पगडी घालतात आणि आजी शेवटपर्यंत नऊवारीच नेसते. समूहातली सगळ्यात तरुण, नुकतंच लग्न झालेली बाई बघावी. तिच्या ब्लाउजच्या बाह्या काळाबरोबर असतात. मुलांच्या वयावरूनही दशक मिळतं, पण जन्मतारखा शाळेच्या दाखल्यावरच्या असतील तर जपून. १ जूनला जन्मलेल्यांची संख्या आपल्याकडे संशयास्पद आहे. मोटार असेल तर नंबर पाहा: ‘एमएच-१२’ अशी जिल्ह्याच्या आकड्याची पद्धत १९८९ पासूनची.

आता डागडुजी. रंगीत स्कॅनचा फायदा इथे मिळतो. बुरशीचे आणि पाण्याचे तपकिरी डाग निळ्या चॅनलमध्ये काळेकुट्ट आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ अदृश्य असतात. म्हणून डाग असतील तर लाल चॅनल वेगळा काढून तोच कृष्णधवल म्हणून वापरायचा. तासाभराचं क्लोनिंग (शेजारचा भाग नकलून डाग झाकणं) वाचतं. उलट चित्रच पिवळं पडून उडालं असेल तर निळा चॅनल घ्यावा, उरलेला कॉन्ट्रास्ट त्यात असतो. डाग आणि उडणं दोन्ही असेल तर लेयर मास्कने तुकडे जोडावे लागतात, त्याला इलाज नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकातले अल्बममध्ये बंद राहून लाल पडलेले रंगीत फोटो: त्यांत निळसर म्हणजे सायन रंग गेलेला असतो. ‘लेव्हल्स’मध्ये फक्त लाल चॅनलचा काळा बिंदू आलेख सुरू होतो तिथपर्यंत आणायचा. त्वचा बरीच जागेवर येते. हे फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर दातांचा फ्लॉस मागून करवतीसारखा सरकवून सोडवावेत. सुटत नसतील तर पानासकट स्कॅन करावेत.

एआयने चेहरा ‘स्पष्ट’ करणाऱ्या साधनांबद्दल मत कडक आहे: वंशावळीसाठी वापरू नयेत. ती तपशील शोधत नाहीत, शिकलेल्या हजारो चेहऱ्यांवरून नवा चेहरा रचतात. देवीचे व्रण, तीळ, तिरळा डोळा, म्हणजे दोन फोटोंतला माणूस एकच आहे हे ठरवणाऱ्या खुणा, पहिल्यांदा तीच पुसतात. रंग भरणंही तसंच. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला लाल दिसत नसे, त्यामुळे कुंकू काळं येतं, विधवेचं लाल आलवण गडद येतं आणि घारे डोळे पांढुरके होतात. यंत्र त्या आलवणाला बिनदिक्कत तपकिरी किंवा निळं करतं, आणि नात्यातल्या कुणाला तो रंग खरा वाटतो. भिंतीवर लावायला करायचंच असेल तर फाइलच्या नावातच ‘रंगवलेला’ असं लिहावं.

सालाची नोंद फाइलमध्येच हवी. एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने एक्सएमपीच्या तारखेत नुसतं साल घालता येतं (एक्सएमपी आणि एक्झिफ हे फाइलमध्येच माहिती साठवण्याचे दोन प्रकार). एक्झिफच्या तारखेला मात्र दिवस-महिना लागतो आणि मग खोटी १ जानेवारी चिकटते. ग्रॅम्प्स या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सुमारे’ किंवा ‘अमुक ते तमुकच्या दरम्यान’ असा प्रकार आहे, तो वापरावा आणि साल कशावरून काढलं ते टिपणात लिहावं.

निगेटिव्हपैकी आग्फा क्लिक कॅमेऱ्याच्या १२० फिल्मच्या ६×६ सेंमीच्या पट्ट्यांना या स्कॅनरने न्याय दिला. १६०० वर सव्वाशे लाखांच्या आसपास पिक्सेल मिळतात. ३५ मिमीच्या चौकटीला त्याच रिझोल्यूशनवर पस्तीसेक लाखच येतात. कृष्णधवल फिल्मवर डिजिटल आइस चालत नाही, कारण चांदी इन्फ्रारेड अडवते, म्हणून धूळ ब्लोअरने आधीच उडवावी. फिल्मची खिडकी सातएक सेंमीच रुंद आहे, हाफ प्लेट (४¾×६½ इंच) काचेची निगेटिव्ह तीत मावत नाही. तिच्यासाठी पांढरा पडदा लावलेला टॅबलेट घ्यायचा, त्याच्या पाच-सहा सेंमी वर प्लेट चार ठोकळ्यांवर ठेवायची म्हणजे पडद्याचे ठिपके उमटत नाहीत, आणि वरून कॅमेऱ्याने फोटो काढून रंग उलटवायचे. प्लेट पालथी ठेवली गेली का, हे कोटावरून कळतं: पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर हवी. अंग उघडं असेल तर जानवं डाव्या खांद्यावर. उजव्या खांद्यावर दिसलं तर प्लेट उलटी आहे. श्राद्धात ते उजव्या खांद्यावर असतं, पण श्राद्ध चालू असताना कुणी फोटोवाल्याला बोलवत नसे.