विमानाचं अंतर आणि वेळ सांगणारं ॲप : दिवाळीपासूनच्या वापराचा अनुभव

लेक नोकरीसाठी जर्मनीत फ्रँकफर्टला गेली तेव्हा हे फुकटातलं ॲप फोनमध्ये टाकलं. आम्ही वरूड तालुक्यातले संत्रेवाले, घरातलं विमानात बसलेलं पहिलं माणूस तीच.

अंतराबद्दल तक्रार नाही. नागपूर-मुंबई 685 किलोमीटर, मुंबई-फ्रँकफर्ट 6,570च्या आसपास. नागपूरहून थेट रेघ ओढली तर 6,850. म्हणजे मुंबईचा वळसा पडतो जेमतेम चारशे किलोमीटरचा. जीव जातो तो मुंबईत ताटकळण्यात, आणि ते ॲपच्या हिशेबात नाही. गावाहून नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंतचा रस्ताही नाही. एकक तेवढं आधी बदलून घ्या. सुरुवातीला नॉटिकल मैल येतात, एक म्हणजे 1.852 किलोमीटर.

वेळ मात्र ढोबळ. सरसकट ताशी आठशेचा वेग धरायचा, वर उडण्या-उतरण्याचा अर्धा तास टाकायचा, की झालं. अमरावतीच्या बेलोरा विमानतळाहून एप्रिल 2025मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं. अंतर साधारण 540 किलोमीटर, ॲप म्हणतं सव्वा तासाच्या आत पोचाल. पण ते एटीआर, म्हणजे पंख्यांचं हळू जाणारं छोटं विमान, त्याला वेळापत्रकातच पावणेदोन तास दिलेत. वाऱ्याचंही तेच. हिवाळ्यात उत्तर भारतावर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. युरोपात जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो, आणि दोन्हींत तासाभराचा फरक सहज पडतो. ॲपला जाणं-येणं सारखंच. एप्रिल 2025मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, तरी नकाशावरची रेघ तिथूनच जाते.

मला सगळ्यात कामाची वाटली ती दोन्हीकडची घड्याळं. लेकीचं विमान रात्री एकला मुंबईहून निघून सकाळी सहाला उतरणार होतं. शेजारचा पोरगा म्हणे, “काकाजी, पाच घंट्यात जर्मनी? एवढ्यात तर आपली यष्टी यवतमाळले बी नाही पोचत!” त्याला ॲप उघडून दाखवलं. तिकडचे सहा म्हणजे हिवाळ्यात आपले साडेदहा, प्रवास साडेनऊ तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकली, तेव्हा साडेचार तासांचा फरक साडेतीनवर आला. ॲपने तो आपोआप बदलला. आता लेक कामावर असताना फोन लावून आमची ही तिच्या शिव्या खात नाही.

जाहिराती फार, आणि नेमक्या आकडा दिसायच्या वेळी पडदा झाकतात. रेंज नसली तरी अंतर निघतं, आमच्याकडे हे मोठंच म्हणायचं. फक्त अमरावती टाकलं की आधी आंध्रातलं येतं, तेव्हा राज्य बघून बोट लावा.

पाचपैकी साडेतीन तारे. तिकीट काढताना विमान कंपनीचंच वेळापत्रक बघा.