एचटीपी पंपाचं 196 सीसी इंजिन: घरच्या गो-कार्टला चालेल का?

जालना-पैठणकडच्या मोसंबीच्या बागांत फवारणीच्या एचटीपी पंपावर जे 196 सीसी, साडेसहा हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन असतं, ते पहिल्या गो-कार्टसाठी आमच्या मते सगळ्यात भरवशाचं. वजन साधारण 16 किलो, एअर कूल्ड, आणि सुटे भाग मोंढ्यातच मिळतात. पाचपैकी चार गुण.

एक गुण गेला तो शाफ्टपायी, म्हणजे इंजिनातून बाहेर येणाऱ्या फिरत्या दांड्यापायी. दिसायला इंजिनं सारखीच, पण कुणाचा शाफ्ट 19.05 मिलिमीटर, कुणाचा 20. वीसचा क्लच 19.05 वर चढतो, पण डगडगतो आणि शाफ्टची चावी (क्लचला शाफ्टशी अडकवून ठेवणारा लोखंडी तुकडा) कापली जाते. दुकानात जाताना जाडी मोजायचं व्हर्नियर न्याच. पाण्याच्या पंपाचा आटेवाला शाफ्ट घेऊ नका. गिअर लावून 1800 आरपीएमवर आणलेलं मॉडेलही नको. सेंट्रिफ्यूगल क्लच (इंजिनाचा वेग वाढला की आपोआप धरणारा) धरायलाच साधारण 2000 आरपीएम लागतात.

चेनमध्ये बहुतेक जण फसतात. भंगारातली मोटारसायकलची चेन फुकटात पडते, पण तिचा पिच (दोन पिनांमधलं अंतर) 12.7 मिलिमीटर. म्हणजे 60 दात्यांचं मागचं स्प्रॉकेट (दातेरी चकती) 243 मिलिमीटरचं होतं, आणि चाक 11 इंची असेल तर स्प्रॉकेटखाली जमिनीपासून दोन सेंटिमीटरही उरत नाहीत. पहिल्याच ढेकळाला चेन उतरते. 35 नंबरची चेन घ्या: तेच स्प्रॉकेट 182 मिलिमीटरवर येतं. पुढे 12, मागे 60 दाते ठेवले की 3600 आरपीएमला ताशी 38 किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. मोकळ्या प्लॉटवर तेवढा पुरे.

नवीन इंजिन बहुधा ऑइलशिवाय येतं. 600 मिली भरल्याशिवाय दोरी ओढू नका, आणि पहिलं ऑइल 20 तासांनी बदला. ऑइल आत उडूनच सगळीकडे पोचतं, त्यामुळे इंजिन तिरपं बसवलं की कनेक्टिंग रॉड जाम होतो. काळ्या मातीच्या धुळीत फोमचा एअर फिल्टर दर वेळी धुवावा. कार्ट महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा, इथेनॉलमिश्रित पेट्रोल आत ओल धरतं.

किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) घरातल्या बटणासारखा जोडला तर इंजिन बंदच होत नाही. इथे ठिणगी देणाऱ्या कॉइलची वायर तोडायची नसते, बॉडीला अर्थ करायची असते. स्विच स्टिअरिंगवरच हवा, हाताच्या अंतरात.

गव्हर्नर (इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारा भाग) काढून वेग वाढवायचा मोह कितीही झाला तरी नको. इंजिन 3600 आरपीएमच्या बऱ्याच वर गेलं की ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील फुटू शकतं, आणि ते चालवणाऱ्याच्या पाठीमागे वीतभर अंतरावर असतं.