'वहिनी, आता कार्डच राहिलं नाही, तर अट कसली?'

मी इंग्लंडमध्ये नर्स आहे. २०२१ पासून हेल्थ अँड केअर व्हिसावर इथे आहे. नवरा आणि दोन मुलं डिपेंडंट, म्हणजे माझ्या व्हिसाच्या आधारावर. थोरली सात वर्षांची, धाकटा २०२२ साली इथेच जन्मला. खाली जे लिहितेय त्यात माझी चूक माझ्याच पदरात घातली आहे. कारण तीच चूक आमच्या ओळखीतल्या आणखी काही घरांनी केली आहे, आणि ती घरं अजून गप्प आहेत.

२०२५ च्या जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका हॉलमध्ये जमलो होतो. सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, ई-व्हिसा, म्हणजे कार्डाऐवजी आलेली व्हिसाची ऑनलाइन नोंद. आमची प्लॅस्टिकची बीआरपी, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, कार्डं ३१ डिसेंबर २०२४ ला संपली होती. व्हिसा पुढची दोन वर्षं चालू असला तरी कार्डावर तीच तारीख, त्यामुळे लोक धास्तावलेले. तिथे हा गृहस्थ भेटला. कुणाच्या तरी नवऱ्याचा मित्र, बोलणं लाघवी, मुलांना गालगुच्चे घेणारा. 'इमिग्रेशनची कामं बघतो' म्हणाला. ई-व्हिसाचं खातं फुकट उघडता येतं, तरी त्याने त्या दिवशी चार घरांकडून चाळीस-चाळीस पौंड घेतले. तिथेच शहाणं व्हायला हवं होतं.

मग त्याने विचारलं, "वहिनी, चाइल्ड बेनिफिट घेता ना?" मी म्हटलं, मुलांसाठीचा तो सरकारी भत्ता आम्हाला मिळत नाही, कार्डावर 'नो पब्लिक फंड्स' होतं, म्हणजे सरकारी मदत घ्यायची नाही. तो हसला. "होतं! आता कार्डच राहिलं नाही, तर अट कसली? नियम बदलले. शिवाय धाकटा इथे जन्मलाय, तो ब्रिटिश. त्याचा हक्क आहे. मागच्या दोन वर्षांचेही काढून देतो."

या दोन-तीन वाक्यांत एकही शब्द खरा नव्हता. अट कार्डाला चिकटलेली नसते, ती परवानगीला असते. कार्ड जाऊन ऑनलाइन नोंद आली तरी अट तिथेच राहते. १९८३ पासून इथे नुसतं जन्मून मूल ब्रिटिश होत नाही. जन्माच्या वेळी आई किंवा बाप ब्रिटिश किंवा सेटल्ड, म्हणजे कायम राहायची परवानगी असलेला, असावा लागतो. आणि मागचे पैसे सहसा जास्तीत जास्त तीन महिन्यांचे मिळतात, दोन वर्षांचे नाही. हे सगळं सरकारी संकेतस्थळावर साध्या इंग्रजीत लिहिलेलं आहे. रात्रपाळीत औषधाचा डोस तीनदा तपासणारी बाई मी, पण हे एकदाही तपासलं नाही. आपला माणूस मराठीत सांगतोय म्हटल्यावर आपण वाचायचंच सोडून देतो.

फी दीडशे पौंड. त्याने सीएच२ नावाचा चाइल्ड बेनिफिटचा फॉर्म आणलाच होता. तिळगुळाची ताटली बाजूला सारून त्याने शेवटचं पान माझ्यापुढे ठेवलं. "इथे सही करा, बाकी मी भरतो. तुम्हाला कशाला त्रास?" मी कोऱ्या फॉर्मवर सही केली. थोरलीचा पासपोर्ट आणि धाकट्याचा मूळ जन्मदाखलाही दिला. तीन दिवसांनी त्याने भरलेल्या फॉर्मचे फोटो पाठवले, मी उघडूनही न बघता 'ठीक आहे'चा अंगठा पाठवला. फेब्रुवारीअखेर दोन्ही कागदपत्रं टपालाने घरी परत आली, तेव्हा तर आमचा विश्वास आणखी बसला.

मार्चमध्ये एचएमआरसीचं, म्हणजे हा भत्ता देणाऱ्या इथल्या कर खात्याचं, पत्र आलं, क्लेम मंजूर. थोरलीचे आठवड्याला २५.६० पौंड, धाकट्याचे १६.९५. नवऱ्याने खातं बघितलं. काही नाही. चार दिवस थांबलो. सोमवारी जमा होतील, मंगळवारी होतील. त्याला फोन केला तर "सिस्टीम स्लो आहे वहिनी." पुढच्या आठवड्यात त्याच्या व्हॉट्सॲपवर माझ्या मेसेजला एकच बरोबरची खूण दिसायला लागली.

मग ते फोटो पहिल्यांदा मोठे करून पाहिले. बँकेचा तपशील असलेलं पानच त्यात नव्हतं. चाइल्ड बेनिफिट कुणाच्याही खात्यात घेता येतं, अर्जदाराचंच खातं हवं असं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण माझ्या तोंडचं पाणी पळालं ते दुसऱ्याच पानावर. 'आर यू सब्जेक्ट टू इमिग्रेशन कंट्रोल?', म्हणजे इमिग्रेशनचे निर्बंध तुम्हाला लागू आहेत का, या प्रश्नापुढे 'नो'च्या चौकटीत निळ्या शाईची फुली होती. पैसे त्याने नेले, पण खोटं माझ्या सहीखाली होतं.

नवरा म्हणाला, गप्प राहू, आपण एक पैसाही घेतलेला नाही. मी रात्रभर जागी होते. सकाळी एचएमआरसीला फोन लावला, पाऊण तास संगीत ऐकलं आणि सगळं सांगून टाकलं. क्लेम बंद झाला. नंतर वसुलीचं पत्र आलं: बावीस आठवड्यांचे ९३६ पौंड १० पेन्स. जे माझ्या खात्यात कधी आलेच नाहीत. हप्ते बांधून घेतले आहेत. ॲक्शन फ्रॉडकडे, म्हणजे तेव्हाच्या फसवणूक-तक्रार केंद्राकडे, तक्रार नोंदवली, त्याचा क्रमांक मिळाला, अजून पुढे काही नाही.

मग खऱ्या सॉलिसिटरकडे गेलो. तिने पहिला प्रश्न विचारला, "तो रजिस्टर्ड होता का?" इथे वकील नसलेल्या माणसाने नोंदणीशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं गुन्हा आहे. नोंदणी इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे असते, जानेवारी २०२५ पर्यंत तिचंच नाव ओआयएससी होतं. नाव टाकून यादीत शोधायला दोन मिनिटं लागतात. आमच्या गृहस्थाचं नाव त्यात नव्हतं. आयएलआरच्या, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीच्या, अर्जात काहीही लपवू नका, फोनची तारीख, पत्रं, हप्त्यांच्या पावत्या सगळं जोडा, असं तिने बजावलं. पुढच्याच महिन्यात, मे २०२५ मध्ये, आयएलआरला पाचऐवजी दहा वर्षं करण्याचा सरकारी प्रस्ताव आला. तेव्हापासून ती फाइल मी दर आठवड्याला उगाच उघडून बघते.

तिने आणखी एक सांगितलं, ते कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. सरकारी शाळा, एनएचएस म्हणजे सरकारी दवाखाने, तीन-चार वर्षांच्या मुलांना मिळणारे नर्सरीचे आठवड्याचे मोफत पंधरा तास, हे पब्लिक फंड्समध्ये धरत नाहीत. ते घ्यायला भीत होतो आम्ही! धाकट्याला तीन वर्षं होऊनही नर्सरीत घालायचं लांबवत होतो, आणि जे घ्यायचं नव्हतं त्यावर मात्र बिनदिक्कत सही केली.

हे सगळं मी हळदीकुंकवाच्या ग्रुपवर लिहिलं. ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. रात्री दहा वाजता एकीचा फोन आला. तिनेही त्याच गृहस्थाकडे दिला होता फॉर्म. "पण मला तर काहीच पत्र आलं नाही गं, म्हणजे झालंच नसेल ना?" मी विचारलं, पत्ता कुणी लिहिला होता? ती म्हणाली, "थांब हं, फोटो बघते." बराच वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही.