कान-नाक-घशाची ओपीडी साथीत चालवायची: एक्झॉस्ट, प्युरिफायर की व्हिडिओ?

साथीत कान-नाक-घशाच्या दवाखान्याला सर्वांत महाग पडते ती रिकामी खुर्ची. नाकाची एंडोस्कोपी किंवा कानाचे सक्शन झाले की हवेतले कण विरेपर्यंत पुढचा रुग्ण आत घेता येत नाही. तासाला 6 वेळा हवा बदलणाऱ्या खोलीत 99 टक्के कण जायला 46 मिनिटे लागतात. 12 वेळा बदलली तर 23. तपासणी 15 मिनिटांची धरली, तर चार तासांत पहिल्या खोलीत 4 रुग्ण होतात, दुसरीत 6. यंत्राची किंमत विचारण्याआधी हा हिशेब मांडा. हवा खोलीभर नीट मिसळते असे धरून हे आकडे काढलेले असतात. कोपऱ्यात ती कोंडत असेल तर थांबणे वाढते.

10 बाय 12 फुटांची, 10 फूट उंच खोली म्हणजे 34 घनमीटर. 12 बदलांसाठी तासाला 408 घनमीटर हवा हलली पाहिजे.

खोलीला बाहेरची भिंत असेल तर डोळे झाकून एक्झॉस्ट घ्या. खरेदी स्वस्त, फिल्टरचा खर्च नाही. फसतो तो आत येणाऱ्या हवेला वाट न ठेवल्याने: दार-खिडक्या घट्ट बंद असल्या की पंखा फिरतो, पण हवा फारशी ओढत नाही. दाराला खाली जाळी बसवा, पंखा समोरच्या भिंतीवर, रुग्णाच्या बाजूला. त्याचे तोंड जिन्याकडे किंवा वेटिंगच्या खिडकीकडे नको. स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, त्यावर विसंबू नका. एक्झॉस्टसोबत एसी चालवला तर विजेचे बिल वाढणार, ते आधीच धरा.

आतली खोली असेल तर हेपा प्युरिफायर, म्हणजे बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचे हवा गाळायचे यंत्र. खोक्यावरचा सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते तो आकडा, 408 किंवा जास्त हवा, पण तो आकडा सर्वांत वरच्या वेगाचा असतो. आवाज नको म्हणून वेग कमी केला की हिशेब कोसळतो. म्हणून मोठे यंत्र घेऊन मधल्या वेगावर चालवणे बरे. फिल्टर बदलण्याचा खर्च दरवर्षीचा समजा. ओझोन सोडणारी यंत्रे घेऊच नका.

व्हिडिओवरच्या सल्ल्याला भांडवल जवळजवळ लागत नाही. 25 मार्च 2020 च्या केंद्राच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी त्याला चौकट दिली. रिपोर्ट दाखवणे, ॲलर्जीच्या सर्दीची फेरतपासणी यांना तो पुरतो. वाहणारा कान मात्र समोर बघावाच लागतो.

दोन खोल्या असतील तर खरेदीआधी त्या आलटून-पालटून वापरून बघा. लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध फवाऱ्याऐवजी भिजवलेल्या कापसाने दिले तर शिंका-खोकलाही कमी होतो.