ताटाची डावी बाजू: एका रुग्णालयातील पक्षाघातोत्तर तपासणीचा अनुभव

वडिलांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा पुण्यातील एका खासगी रुग्णालयात मांडीतील धमनीवाटे नळी घालून मेंदूतील गुठळी काढण्यात आली. या उपचाराबद्दल तक्रारीला जागा नाही. उजवीकडची मुख्य धमनी पूर्ण मोकळी झाली, आणि पक्षाघाताची तीव्रता मोजणारा एनआयएच गुणांक भरतीच्या वेळी १४ होता, तो घरी सोडताना ३ वर आला. या मापात शून्य म्हणजे दोष नाही आणि ४२ ही कमाल मर्यादा. त्यामुळे आम्ही निर्धास्त झालो.

घरी आल्यावर मात्र जेवायला बसले की ते विचारत, "आज कोशिंबीर केली नाही का?" कोशिंबीर होती, चटणी होती, लिंबाची फोडही होती, पण हे सारे डावीकडे वाढलेले, आणि ती बाजू त्यांच्या लेखी उरलीच नव्हती. नजर शाबूत होती, लक्ष तिकडे वळत नव्हते. ताट फिरवून ठेवले की कोशिंबीर सापडे आणि भाजी हरवे.

नव्वदाव्या दिवशीच्या तपासणीत चालता येते का, अंघोळ स्वतः करता का, एवढे विचारून दहा मिनिटांत रँकिन श्रेणी (रुग्ण रोजच्या जगण्यात किती परावलंबी आहे याचे माप) २, म्हणजे किरकोळ अपंगत्व, अशी लिहिली गेली. चुकीची नव्हे, पण अपुरी. मी ताटाची गोष्ट सांगितल्यावर आम्हाला त्याच रुग्णालयाच्या व्यवसायोपचार विभागात (रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या) पाठवले, आणि खरे मोजमाप तिथे झाले. वडिलांनी काढलेल्या घड्याळात बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटले होते. आडव्या रेघेचा मध्य दाखवताना पेन्सिल चांगली तीन सेंटिमीटर उजवीकडे टेकली. तेथील बाईंनी समजावले, की एनआयएचच्या ४२ पैकी ७ गुण भाषेशी निगडित आहेत, तर एका बाजूकडे होणाऱ्या अशा दुर्लक्षाला जेमतेम २. भाषा बहुतेकांत डावा मेंदू सांभाळतो, आणि असे दुर्लक्ष बहुधा उजव्या मेंदूच्या इजेने होते. म्हणून उजव्या मेंदूची इजा कागदावर सौम्य दिसते.

या विभागाला मी पूर्ण गुण देईन. घाई नाही, चाचणीच्या सूचना मराठीतून, आणि प्रत्येक कागदाची प्रत हातात मिळते. रुग्णालयाचे गुण मात्र कापावे लागतात, कारण नातेवाइकाने विषय काढल्याशिवाय ही तपासणी होत नाही. वेळ शक्यतो सकाळची घ्यावी. दुपारी रुग्ण थकलेला असतो आणि चष्मा विसरला तर फेरी फुकट जाते, हे आम्ही अनुभवले आहे.

सहा आठवड्यांनी रेघेवरची खूण मध्यापासून एका सेंटिमीटरवर आली. कोशिंबीर आता संपते; लिंबाची फोड अजून ताटातच राहते.