जुन्या डिझेल पिकअपवर पारदर्शक नळी आणि व्हॅक्यूम गेज : आठ महिने वापरल्यानंतर

माझी पिकअप २३ वर्षांची आहे. साधं डिझेल इंजिन, नोझलना (इंजिनात डिझेल फवारणारी तोंडं) डिझेल पुरवणारा मेकॅनिकल रोटरी पंप. तक्रारी दोन होत्या. रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारत बसावं लागायचं, हँड पंप (लाइनमध्ये हाताने डिझेल भरायचा छोटा पंप) दाबला की मात्र लगेच सुरू. आणि भरलेली गाडी चढाला लागली की अर्ध्या तासात ओढ संपायची. फिल्टर दोनदा बदलला, ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना गरम करणारे प्लग) नवे टाकले, नोझल तपासून घेतले. काडीचा फरक नाही. पंप उतरवायची वेळ आली, तेव्हा आधी या दोन वस्तू आणल्या: लाइनमधलं डिझेल दिसावं म्हणून पारदर्शक नळी, आणि लाइनमधली ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज.

टाकीपासून पंपापर्यंतची लाइन सक्शनवर चालते, म्हणजे पंप डिझेल ओढून घेतो. तिथे बारीकशी भेग पडली तरी डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत खेचली जाते. गाडीखाली थेंबही दिसत नाही, म्हणून त्या लाइनवर कुणाचा संशयच जात नाही. माझाही गेला नव्हता.

नळी आधी फिल्टर आणि पंपाच्या मध्ये जोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर नळीत डिझेलच नव्हतं, सगळं रात्रीत मागे टाकीत उतरलेलं. सेल्फ मारल्यावर आधी फेस आला, मग मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक पंपाकडे जाताना दिसले. ते बघून इतकं हायसं वाटलं की सांगता येत नाही, कारण वर्षभरात पहिल्यांदा बिघाड डोळ्यांनी दिसत होता.

मग पंपाची सक्शन स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडली. बुडबुडे बंद, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या सेल्फला गाडी चालू. म्हणजे पंप चांगला होता. ही एक चाचणी केल्याशिवाय कुणीही पंप खोलायला देऊ नये, असं मी आता ठामपणे सांगतो.

नळी मागे मागे सरकवत टाकीपर्यंत गेलो, तरी बुडबुडे होतेच. एक गोष्ट मात्र लक्षात आली: टाकी भरलेली असली की ते येत नाहीत, अर्ध्याखाली गेली की येतात. टाकीतला सक्शन पाइप बाहेर काढला, तर साधारण मध्यावर गंजून सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. डिझेलची पातळी त्याच्याखाली गेली की तिथून हवा खेचली जायची. पाइप बदलला, उघडलेल्या प्रत्येक जोडाला नवे तांब्याचे वॉशर टाकले. सकाळचा त्रास त्या दिवसापासून गेला.

चढावरचा त्रास तसाच होता, आणि तो टाकी भरलेली असताना जास्त! इथे गेज कामाला आलं. टी (तीन तोंडांचा जोड) लावून ते पंपाच्या अलीकडे बसवलं आहे. सुरुवातीला काटा ४ इंचांवर (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात), चढावर हळूहळू १२ पर्यंत. गाडी थांबवून टाकीचं झाकण सैल केलं, तर सूं करून हवा आत गेली आणि काटा खाली आला. टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत यायचं भोक, चिखलाने बुजला होता. डिझेल कमी होत जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, म्हणून टाकीतच व्हॅक्यूम तयार व्हायचा. भरलेल्या टाकीत हवेला जागाच कमी, त्यामुळे तो लवकर वाढायचा. दोन वेगळे बिघाड होते, आणि मी वर्षभर दोन्हींसाठी एकच कारण शोधत होतो.

गेज तेव्हापासून कायम गाडीवर आहे. आता भरल्या गाडीला ४ च्या आसपास असतं. ७ कडे सरकायला लागलं की फिल्टर चोंदतोय असं समजून तो बदलतो, किलोमीटर मोजत नाही.

नळीबद्दल तक्रार आहे. पहिली साधी प्लास्टिकची घेतली होती. ती सहा आठवड्यांत पिवळी पडून कडक झाली आणि क्लिपापाशी स्वतःच हवा घ्यायला लागली. खोटे बुडबुडे दिसून माझे दोन दिवस वाया गेले. इंधनासाठी बनवलेलीच घ्या, सायलेन्सरपासून लांब ठेवा, काम झालं की काढा. दुसरी अजून मऊ आहे. मागच्या महिन्यात हँड पंपाचं ओ-रिंग हवा घेत होतं, ते तिनेच दहा मिनिटांत दाखवलं.

मध्ये इलेक्ट्रिक पंप बसवायचा सल्लाही मिळाला होता. तो लावला नाही याचं समाधान आहे. मागून दाब मिळून गाडी काही दिवस चालली असती, व्हेंट मात्र बुजलेलाच राहिला असता.

नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपांवर असले प्रयोग करू नका. तिथला दाब इतका असतो की डिझेलची धार कातडीत घुसते.

परवा गाडी सहा दिवस उभी होती, टाकी पाव. पहिल्या सेल्फला सुरू झाली.