एकाच विद्येत मुरावे, की अनेक विद्या जोडाव्यात? सोलापुरात नोकरी सांभाळून शिकू पाहणाऱ्यासाठी

शिक्षण संपल्यानंतरही शिकत राहण्याची ज्याची इच्छा आहे, त्याच्यापुढे तीन वाटा असतात. एकच विद्या धरून वर्षानुवर्षे तिच्यातच खोल जावे, आवडतील तेवढ्या गोष्टी एकाच वेळी हाती घ्याव्यात, किंवा एकामागून एक विषय घेत पुढे जावे. तिन्ही वाटांचा हिशेब मांडण्यासाठी मी दिवसाचे दोन तास गृहीत धरतो. सोलापुरात घरापासून कामापर्यंतचे अंतर फार नसल्यामुळे एमआयडीसीत किंवा एखाद्या पेढीवर नोकरी करणाऱ्यालाही संध्याकाळी तेवढा वेळ काढता येतो. आठवड्याचे सहा दिवस धरले, तर वर्षाला सुमारे 600 तास हाती येतात.

हे सर्व तास एकाच विद्येला दिले, तर प्रगती स्पष्ट दिसते. जेकार्डच्या मागावर चादरीची नक्षी उतरवणारा जुना कारागीर मागाच्या आवाजात पडलेला फरक ऐकूनच धागा कुठे अडला असेल याचा अंदाज बांधतो. अशी जाण तुकड्यातुकड्यांनी येत नाही, आणि मिळकतीच्या दृष्टीनेही बाजार खोल कौशल्यालाच अधिक दाम देतो. या वाटेवरचा धोका मात्र सोलापूरने जवळून पाहिला आहे. 1877 साली सुरू झालेली जुनी मिल आणि तिच्यामागून उभ्या राहिलेल्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा आयुष्यभर एकच काम केलेल्या माणसांचे कौशल्य शाबूत होते, परंतु ते विकत घेणारे कोणी उरले नव्हते. म्हणून ज्याचा व्यवसाय एकाच यंत्रावर किंवा एकाच मालकावर अवलंबून आहे, त्याने ही वाट एकटी धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अनेक गोष्टी एकाच वेळी सुरू करण्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. एका वर्षी तबला, तेलुगू आणि टॅली (संगणकावर हिशेब ठेवण्याची प्रणाली) अशा तिन्ही शिकवण्या मी एकाच महिन्यात लावल्या. चार महिन्यांनी टॅली तेवढी टिकली, कारण कार्यालयात तिचा रोज वापर होत होता. तबल्याचे बोल पुढच्या बैठकीपर्यंत विसरायला होत, आणि तेलुगूची अक्षरे प्रत्येक वेळी नव्याने ओळखावी लागत. तेव्हा मला वाटले की आपल्यात चिकाटी कमी आहे. खरे कारण बरेच नंतर उमगले. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवर प्रयोग केले आणि 1885 मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नव्याने पाठ केलेले सुरुवातीच्या काही तासांत सर्वांत वेगाने विसरते आणि पुढे हा वेग मंदावत जातो, तसेच उजळणी एकाच बैठकीत उरकण्याऐवजी काही दिवसांत विभागली तर कमी श्रमांत लक्षात राहते, असे त्याला आढळले. याचा अर्थ असा की कोवळ्या विषयाला वारंवार उजळणी लागते आणि मुरलेल्या विषयाला अधूनमधून केलेली पुरते. तीन कोवळे विषय एकत्र आले की तिघेही एकाच वेळी उजळणी मागतात, आणि दोन तासांत ती मागणी पुरी होत नाही. आपल्याकडे ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ म्हणतात, ते विषयांच्या संख्येपेक्षा या घाईला अधिक लागू पडते.

अनेक विषय जोडण्याच्या बाजूनेही सांगण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु त्यासाठी विषय एकमेकांना लागून असावे लागतात. एका कामातील सरावाचा दुसऱ्या कामाला होणारा लाभ त्या दोहोंतील समान घटकांवर अवलंबून असतो, हे थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1901 मध्येच दाखवून दिले होते. सोलापुरात याचे उदाहरण रस्त्यावरच सापडते. कन्नड आणि तेलुगू या लिपी एकाच जुन्या लिपीतून निघालेल्या असल्याने एक वाचता आली की दुसरीतील बरीच अक्षरे ओळखीची वाटतात. मात्र दोन्ही एकदम सुरू केल्या तर हीच जवळीक गोंधळाचे कारण होते. शिवाय पूर्व भागात तेलुगू आणि अक्कलकोटकडे कन्नड बोलणारी माणसे रोज भेटत असल्यामुळे वर्गाबाहेरचा सराव फुकट होतो. जर्मन किंवा जपानी शिकणाऱ्याला तो येथे मुद्दाम शोधावा लागतो.

तिसरी वाट मला सर्वांत विश्वासाची वाटते. एका वेळी नवा विषय एकच घ्यावा आणि आधीचे विषय उजळणीने जपावेत. 600 पैकी 450 तास नव्या विषयाला आणि 150 तास जुन्यांना, अशी वाटणी मी गेली काही वर्षे पाळतो आहे. अर्धवट सुटलेली तेलुगू याच रीतीने बोलण्याइतपत आली. 1910 मध्ये सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, ते वैद्यकशास्त्र पक्के करूनच. चिनी भाषा त्यांनी तेथे आत्मसात केली, आणि तिच्यामुळे त्यांच्या शस्त्रक्रियेच्या ज्ञानाचा उपयोग रुग्णांपर्यंत आणि विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला. सोलापूरचेच वालचंद हिराचंद रेल्वेच्या बांधकामांच्या कंत्राटांपासून सुरुवात करून जहाजे, विमाने आणि मोटारींपर्यंत गेले. त्यांचे उद्योगही एकामागून एक उभे राहिले.

या वाटेची उणीव अशी की तीत संयम फार लागतो. जी गोष्ट आज मनापासून आवडते, ती दोन वर्षे पुढे ढकलावी लागते, आणि तोवर आवड टिकेलच असे नाही.

औपचारिक प्रमाणपत्र हवे असल्यास एकाच वेळी दोन पदव्या घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 पासून दिली आहे. नोकरदाराने ती वापरण्याची घाई करू नये, असे मला वाटते. 1989 मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा एकच अभ्यासक्रम, आणि तो झेपतो असे दिसल्यावर ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण-संकेतस्थळावरील एखादा छोटा अभ्यासक्रम, एवढे पहिल्या वर्षी पुरेसे आहे. ‘स्वयम्’वर शिकणे विनाशुल्क असून शुल्क परीक्षेपुरते भरावे लागते, त्यामुळे विषय आपल्याला मानवतो की नाही, हे पैसे न गुंतवता पाहता येते.

निवृत्त माणसासाठी मात्र मी हा सल्ला बदलतो. त्याच्याकडे दोनऐवजी पाच-सहा तास असतात आणि मिळकतीची चिंता बहुधा मागे पडलेली असते. त्याने सकाळी पेटी, दुपारी वाचनालय आणि संध्याकाळी कन्नड असे तिन्ही एकदम सुरू करायला हरकत नाही.